बाटली लावून काढलेलं ॲव्हरेज

सावेडीतलं घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून दोन गोष्टी एकदमच खाली आल्या. एक, कुठल्याशा पतसंस्थेने वाटलेली खिशात मावणारी डायरी. दुसरी, सुतळीने बांधलेली जुन्या कालनिर्णयांची चळत. डायरी वडिलांची. तीत फक्त आमच्या फियाटचा हिशोब: तारीख, किलोमीटर, लिटर आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. कालनिर्णय आईचे, आणि त्यांत दुधाच्या खाड्यांसोबत नवा सिलिंडर लावल्याच्या तारखा. घरातल्या माणसांनी आपापल्या सोयीसाठी लिहिलेले हे कागद. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तर जुन्या छोट्या गाडीला जास्त पळवायच्या खटाटोपाचा इतिहास त्यांत सापडतो. निदान मला सापडला.

गाडी प्रीमियर पद्मिनी, 1979 ची. वडिलांनी ती 1988 मध्ये सेकंडहँड घेतली. कागदावर पद्मिनी असली तरी नगरमध्ये तिला सगळे फियाटच म्हणत, आणि ते चूकही नव्हतं. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी 1944 ची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी आधी फियाट म्हणूनच बनायची, पद्मिनी हे नाव 1974 च्या सुमाराचं. इंजिन 1089 सीसीचं, वजन सुमारे 900 किलो. 14 डिसेंबर 1983 ला रस्त्यावर आलेली मारुती 800 हिच्यापेक्षा दोन-अडीचशे किलोंनी हलकी होती आणि तिचं इंजिनही लहान, 796 सीसीचं. म्हणजे आमची गाडी सावेडी नाक्यापर्यंत जातानासुद्धा मारुतीपेक्षा तीन-चार माणसांचं ओझं जास्त ओढत होती. ॲव्हरेजच्या स्पर्धेत ती सुरुवातीलाच मागे होती. वडिलांना मात्र हे मान्य नव्हतं.

ॲव्हरेज काढायची पद्धत आजच्या वाचकाला सांगायला हवी, कारण आता तो आकडा डॅशबोर्डवर आपोआप दिसतो. टाकीची नळी काढायची, तिच्या जागी एक लिटर पेट्रोलची बाटली बॉनेटखाली टांगायची आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. मेकॅनिक शेजारच्या सीटवर. मनमाड रोडला लागायचं, चाळीस-पन्नासचा वेग धरायचा, ब्रेक मारायचा नाही. गाडी जिथे थांबेल तिथला आकडा वाचायचा. गरम इंजिनाशेजारी पेट्रोलची बाटली हा प्रकार आज लिहितानाही अंगावर काटा आणतो. शिवाय आकडाही फसवा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर अलगद चालवलेली गाडी चौदा द्यायची आणि दिल्ली गेटच्या गर्दीत तीच दहावर यायची. डायरीत दोन्ही आकडे आहेत. पाहुण्यांना सांगायचा तो चौदा.

मग प्रयोग सुरू होतात. 1989 मध्ये नोंद आहे, ‘जेट बारीक केला’. कार्बोरेटरमधला जेट म्हणजे पितळेचा, मधोमध नेमकं भोक असलेला तुकडा. त्या भोकातून किती पेट्रोल हवेत मिसळायचं ते ठरतं. पेट्रोल पुरतं जळायला एका भागाला साधारण 14.7 भाग हवा लागते. गॅरेजवाले त्या भोकात बारीक तार घालायचे किंवा ते झाळून पुन्हा लहान पाडायचे. पेट्रोल कमी गेलं की ॲव्हरेज वाढलं, असा हा सरळ हिशोब. थोडं मिश्रण पातळ केल्याने खरंच फायदा होतो. पण त्यापुढे गेलं की गाडी चढाला धापा टाकते, इंजिन तापतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. आमचा जळला. हेड उतरवायचा खर्च डायरीत शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात आहे. ॲव्हरेजच्या रकान्यात त्याला जागा नव्हती.

पेट्रोलच्या नळीवर चिकटवायचं लोहचुंबकही आलं आणि गेलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1970 च्या दशकापासून अशी शंभराहून अधिक इंधनबचत यंत्रं तपासली, बहुतेकांतून काहीच हाती लागलं नाही. वडिलांनी तीन टाक्यांत तोच निष्कर्ष काढला होता. नोंद फक्त ‘चुंबक – फरक नाही’. चाचणी म्हणून मला ती आवडते.

खरा फायदा झाला तो कंटाळवाण्या गोष्टींनी. प्लग आणि पॉइंटचं अंतर वेळेवर तपासणं, चिकटणारा ब्रेक मोकळा करणं, दर पंधरा दिवसांनी टायरची हवा बघणं, क्रॉसप्लाय टायर जाऊन रेडियल येणं, डिकीतला वर्षानुवर्षांचा पसारा उतरवणं. गाडी हळू चालते तेव्हा तिची बरीचशी ताकद टायरच्या घर्षणात आणि प्रत्येक ब्रेकबरोबर वाया जाते. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून वजन, टायर आणि चालकाचा उजवा पाय, या तिन्हींवर काम केलं तर फरक पडतो. सहा वर्षांत डायरीतला आकडा 10.4 वरून 12.3 वर गेला. एवढंच. एवढ्या वर्षांच्या कष्टाने लिटरमागे जेमतेम दोन किलोमीटर.

हे वेड एकट्या वडिलांचं नव्हतं. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाची किंमत तीन डॉलरच्या आसपासून जवळजवळ बारावर गेली. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. आमच्या गावाकडे याचं उत्तर योगायोगाने आधीच तयार होतं. कायनेटिकची लूना 1972 ची, पन्नास सीसीची, पायडल असलेली, आणि कारखाना नगरचाच. नगरच्या माणसाने लिटरमागे किलोमीटर मोजायची सवय लूनावर लावून घेतली आणि पुढे ती चारचाकीवर लादली, असं मला वाटतं. पायडलच्या गाडीशी तुलना झाल्यावर बिचारी फियाट काय करणार?

याआधीची पिढी तर आणखी पुढे गेली होती. दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि गाड्यांच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसल्या. अपुऱ्या हवेत कोळसा जाळला की कार्बन मोनॉक्साइड मिळतो, आणि तो इंजिनात जळतो. ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त घटायची. सकाळी गाडी चालू करायची तर आधी भट्टी पेटवा. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली, तेव्हा अशा धुराच्या प्रवासाची आठवण ताजी असणार. त्या भट्टीने इंजिन सुधारलं नव्हतं. जे मिळत नव्हतं त्याच्या जागी मिळेल ते जाळलं, इतकंच.

माझ्या मते, नंतरच्या काळातली निम्मीअधिक ‘सुधारणा’ याच जातीची आहे. सरकारने पेट्रोल महाग ठेवलं. डिझेल शेतकऱ्यासाठी, रॉकेल गरिबाच्या चुलीसाठी आणि गॅस स्वयंपाकासाठी स्वस्त ठेवला. या दरांच्या फटीतून लोकांनी गाड्या घातल्या. फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवायचा धंदा गॅरेजांतून चालला. शेवटी 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रीमियरनेच इटालियन डिझेल इंजिनाची पद्मिनी विकायला काढली. रॉकेलची भेसळ तर उघड गुपित होतं. इंजिन ठोके द्यायचं, ऑइल पातळ व्हायचं, पण पैसे वाचायचे. त्या फटीत किती पैसा होता हे 25 जानेवारी 2011 ला कळलं. आमच्या घरावरून जाणारा रस्ता ज्या मनमाडला पोचतो, त्या मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळीचा प्रकार पकडताना जिवंत जाळण्यात आलं.

वडील रॉकेलाच्या वाटेला गेले नाहीत. ते गॅसकडे गेले.

1998 च्या पावसाळ्यानंतर डायरीत रकाना बदलतो. आधी ‘किमी/लिटर’ होतं, आता ‘रुपयाला किमी’. मी हे पान कितीदा तरी उलटून पाहिलं. एलपीजीच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण पाऊणपट ऊर्जा असते, म्हणजे लिटरने मोजलं तर ॲव्हरेज उलट घटलं असतं. गाडी आधीइतकीच खात होती. स्वस्त झालं होतं ते तिचं खाणं.

डिकीत घरचा 14.2 किलोचा लाल सिलिंडर आडवा. चुलीसाठी बनलेला हा सिलिंडर उभा ठेवायचा असतो, आडवा केला की त्यातून वायूऐवजी द्रव बाहेर येतो. गाडीच्या टाकीला 80 टक्क्यांवर भरणं थांबवणारा व्हॉल्व्ह असतो आणि गळालेला गॅस गाडीबाहेर सोडणारं आवरण असतं. आमच्याकडे होती रबरी नळी आणि क्लिप. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर डिकीच्या तळाशी साचून राहतो. हे बेकायदा आहे हे वडिलांना माहीत होतं. कायद्यात गॅसवरच्या गाडीला रीतसर जागा मिळाली ती 2000 च्या दुरुस्तीने, आणि वाहनातल्या एलपीजीसाठी वेगळा आदेश निघाला 2001 मध्ये. गंमत म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत एक आमच्याच गावात आहे: वाहननगरची व्हीआरडीई. एकाच शहरात एकीकडे लष्करी वाहनांचं संशोधन, दुसरीकडे आमची क्लिप.

पुढच्या मे महिन्यात आम्ही मावशीकडे औरंगाबादला निघालो. इमामपूरचा घाट उतरताना वडिलांनी नेहमीप्रमाणे इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली. आवाज थांबला आणि खिडक्यांतून येणाऱ्या वाऱ्यातही वास आला. धाकटी बहीण मागच्या सीटवर झोपली होती. आईने एक शब्द न बोलता तिला उचललं आणि गाडी थांबते न थांबते तोच दार उघडलं. आम्ही रस्त्यापासून लांब, एका बाभळीखाली जाऊन उभे राहिलो. वडील एकटे परत गेले, डिकी उघडली, सिलिंडरची चावी बंद केली आणि चारही दारं उघडी ठेवून आमच्याजवळ येऊन उभे राहिले. अर्धा तास कुणी काही बोललं नाही. नळी क्लिपपाशी चिरली होती.

डायरीत त्या तारखेला एवढंच आहे: ‘गॅस काढला. पेट्रोल 10 लि.’ पुढच्या ओळीपासून रकाना पुन्हा किमी/लिटर. आकडा 12.1.

आईच्या कालनिर्णयात वेगळा हिशोब निघाला. त्या सालच्या आधी आमच्याकडे एक सिलिंडर सव्वा-दीड महिना जायचा. गॅसच्या त्या आठ महिन्यांत नव्या सिलिंडरच्या तारखा अठरा-वीस दिवसांवर येतात. मधल्या दिवसांवर तिच्या अक्षरात एकच शब्द पुन्हा पुन्हा: ‘स्टोव्ह’. घरातला जादा सिलिंडर डिकीत गेला होता आणि चुलीचा संपला की नवा येईपर्यंत ती रॉकेलवर स्वयंपाक करत होती. मी ते दिवस मोजले. एकाहत्तर. वडिलांच्या ‘रुपयाला किमी’मध्ये ते कुठेच नव्हते.

आईला विचारलं तर म्हणाली, स्टोव्हचा वॉशरही दोनदा बदलला होता, तो लिहायचा राहिला.