नंबर आपला, की सर्कलचा?

आजची गोष्ट मारतहळ्ळीतून सुरू होते. बेंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या विमानतळ रस्त्यावर आणि रिंगरोडवर हे ठिकाण आहे. आपला मराठी माणूस पहिल्यांदा तिथला इंग्रजी बोर्ड वाचतो आणि खूश होतो, की हे मराठ्यांचं गाव! तसं काही नाही. शेजारच्या एचएएलने बनवलेलं, १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं ‘मारुत’ विमान, त्यावरून हे नाव पडलं असं तिथले लोक सांगतात. मी त्यावर पैज लावणार नाही.

२००६ साली मी तिथे एका पीजीत राहत होतो. शुक्रवारी रात्री पुण्याकडे, कोल्हापूरकडे जाणाऱ्या खासगी बस भरून निघायच्या. पहाटे निपाणी मागे पडली, कोगनोळीची हद्द आली, की अख्ख्या बसमधले फोन एकापाठोपाठ टुणटुण वाजायचे. ‘महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.’ झोपलेली माणसं उठायची, फोनचं मागचं झाकण काढायची, बॅटरी काढायची आणि अंधारात चाचपडत सिम बदलायची. आमच्या खोलीतल्या एकाचं सिम त्या गडबडीत सीटखाली पडलं, ते पुण्यापर्यंत सापडलं नाही.

हे का करावं लागायचं? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला. भारतातला हा पहिला मोबाइल कॉल. तेव्हा बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांच्या घरात होता, आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. म्हणजे दुसऱ्याने रॉँग नंबर लावला तरी भुर्दंड आपल्याला. सरकारने देशाचे तुकडे करून परवाने विकले. या तुकड्यांना म्हणतात सर्कल. मुंबई वेगळी. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा एकत्र. बेळगाव, निपाणी, बिदर हे सगळं कर्नाटकात. प्रत्येक सर्कलमध्ये सुरुवातीला जास्तीत जास्त दोनच खासगी कंपन्या. महाराष्ट्र-गोव्यात बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल. कर्नाटकात जेटीएम आणि स्पाइस. यादी पुन्हा ऐका. दोन्हीकडे असलेली कंपनी एकही नाही!

सीमाप्रश्नावर मी आज बोलत नाही. पण निपाणीपासून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर. दवाखाना कोल्हापुरात, लेक कोल्हापुरात दिलेली, बाजार कोल्हापूरचा. तिथे गेलं की हा माणूस ‘रोमिंग’मध्ये. राज्यांच्या हद्दी १९५६ आणि १९६० साली नकाशावर आखल्या गेल्या, त्या आता माणसाच्या बिलातही दिसायला लागल्या.

१ मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले. पण आपल्या सर्कलमध्ये असेपर्यंतच. रोमिंगचं वेगळं मासिक भाडंही असायचं. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ते फेब्रुवारी २००७ पासून काढलं आणि रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलला मिनिटाला पावणेदोन रुपयांची कमाल मर्यादा घातली. पावणेदोन आज क्षुल्लक वाटतात. आई जेवलास का विचारायला लागली की वीस मिनिटं सहज जात. पस्तीस रुपये! तेवढ्यात मारतहळ्ळीत जेवण व्हायचं. म्हणून घरी कन्नड सिमचा नंबर आणि महाराष्ट्रात गेलं की जुना, असे दोन-दोन नंबर प्रत्येकाचे.

आता हँडसेटकडे वळू. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये कंपनी फोन स्वस्तात द्यायची आणि ठरावीक मुदतीच्या करारात ग्राहकाला बांधून घ्यायची. आपल्याकडे हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला रिलायन्स इन्फोकॉमने. पोस्टकार्डापेक्षा स्वस्त फोन हे धीरूभाई अंबानींचं स्वप्न म्हणून सांगितलं गेलं, आणि २००३ च्या पावसाळ्यात ‘मान्सून हंगामा’ आला. ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा, बाकीचे हप्त्याने, तीन वर्षं. ज्यांनी कधी मोबाइल हातात घेतला नव्हता, त्यांच्या खिशात तो आला. हे श्रेय द्यायलाच हवं. पण तो सीडीएमए फोन. त्यात सिमकार्ड नसायचं, नंबर थेट फोनमध्येच भरलेला. फोन बिघडला, जुना झाला, दुसरा घ्यावासा वाटला, तर कंपनीच्याच दारात जायचं. अनेकांनी हप्ते अर्ध्यावर सोडले, आणि कंपनीची मोठी थकबाकी बुडाली. करार दोन्ही बाजूंना महागात पडला, आणि त्यानंतर भारतातला बहुतांश ग्राहक प्रीपेडकडेच राहिला. फोन रोख घ्यायचा, सिम वेगळं घ्यायचं.

याचा चटका २००८ मध्ये बसला. जुलैमध्ये अमेरिकेत आयफोन थ्री-जी आला, दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला. आयटीतल्या पोरांनी मनात गुणाकार केला, आठ-नऊ हजार. २२ ऑगस्टला तो एअरटेल आणि व्होडाफोनकडून भारतात आला, किंमत ३१ हजार. मोठ्या मॉडेलला ३६,१००. संताप झाला. खरं तर अमेरिकेतला ग्राहकही उरलेली रक्कम महिन्याच्या बिलातून फेडतच होता, फक्त त्याला ती एकदम दिसत नव्हती. पण हे ऐकून कोण घेतो? मग ऑनसाइट गेलेल्या मित्राला ‘येताना एक आण’ ही विनंती. तो आणायचा, आणि इथे आल्यावर कळायचं की फोनला कुलूप आहे, अमेरिकेतल्या कंपनीशिवाय दुसरं सिम चालत नाही. मग मॅजेस्टिकजवळच्या नॅशनल मार्केटच्या वाऱ्या. गल्लीतला पोरगा पंधरा मिनिटांत कुलूप काढून द्यायचा. कसं काढलंस विचारलं की हसायचा.

हँडसेटचा प्रश्न असा आपण जुगाडाने सोडवला. नंबर मात्र सुटेना. नोकरीच्या अर्जावर, बँकेत, गॅस एजन्सीत, लग्नाच्या पत्रिकेवर एकच नंबर. सेवा कितीही भिकार असली तरी कंपनी सोडायची म्हणजे तो नंबर सोडायचा. नंबर पोर्टेबिलिटी आली ती २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ ला देशभर. १९०० वर एसएमएस, १९ रुपये शुल्क. आम्हाला आनंद झाला, पण अर्धाच. कंपनी बदलता येत होती, सर्कल नाही. पुण्याचा नंबर घेऊन कायमचा बेंगळुरूत आलेला माणूस तसाच रोमिंगमध्ये. ते कुंपण पडलं ३ जुलै २०१५ ला, म्हणजे पहिल्या फोननंतर जवळजवळ २० वर्षांनी. पुढच्या वर्षी जिओ आलं, रोमिंगचे पैसेच गेले, आणि कोगनोळीची ती टुणटुण निव्वळ सवयीची राहिली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण डिसेंबर २००५ मधलं एक राहून गेलं. तेव्हा एअरटेलने ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ प्रीपेड आणलं होतं, मग इतरांनीही आणलं. आमच्या अण्णांनी अशाच एका कंपनीचं आजीवन कार्ड घेतलं. आजीवन म्हणजे कुणाच्या जीवनभर, हे त्यांनी विचारलं नाही. कंपनीच्या परवान्याची मुदत असेपर्यंत, असा त्याचा अर्थ होता. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्ज लावला, ३५ रुपये, २८ दिवसांसाठी. शिल्लक असलेल्यांची सेवा तडकाफडकी तोडू नका, असं ट्रायने सांगितलंही. अण्णांच्या खात्यात शंभरावर रुपये होते. तरी त्यांचा फोन बंद झाला. संदेश आला तो इंग्रजीत. आम्हाला वाटलं, फोन बिघडलाय, रविवारी कुणीतरी जाऊन बघेल. आठ दिवसांनी शेजाऱ्याच्या फोनवर बोलले. तक्रार नाही केली. एवढंच म्हणाले, “कामात असाल म्हणून मी काही म्हटलं नाही.”

२८ दिवसांचा महिना हा कुठल्या पंचांगातला, ते मला अजून कळलेलं नाही. त्याने वर्षात तेरा रिचार्ज होतात. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने सांगितलं, निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये, फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले, इंटरनेटचे पैसे न लावणारे प्लॅन सक्तीचे केले, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. अण्णांच्या बटणांच्या फोनला आता तसाच वर्षाचा आहे. संपायची तारीख त्यांनी कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवलीय, आणि आठ दिवस आधी आम्हा दोघा भावांना आठवण करायची, हेही.