दोन २० मार्च : महाड आणि मिनामाता

दि. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प. पू. बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं. हा इतिहास आपल्या घराघरात लहान मुलांनाही पाठ आहे. पण हीच तारीख आणखी एका पाण्याशी जोडलेली आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. दि. २० मार्च १९७३ रोजी जपानमधील कुमामोतोच्या जिल्हा न्यायालयाने समुद्रात विष सोडणाऱ्या एका बलाढ्य कंपनीला जबाबदार ठरवलं. हा निव्वळ योगायोग आहे. त्यात चमत्कार शोधणारे आपण नव्हे. तरीही विहाराच्या या स्मरणिकेत तो इतिहास धम्माच्या नजरेने मांडावा, असं आम्हाला वाटलं.

मिनामाता हे क्युशू बेटावरचं समुद्रकाठचं गाव. १९०८ साली तिथे एक कारखाना आला. तो चालवणारी कंपनी पुढे ‘चिस्सो’ या नावाने ओळखली गेली. १९३२ पासून तिथे असिटाल्डिहाइड नावाचं रसायन तयार होऊ लागलं. त्यासाठी पारा वापरत, आणि पाऱ्याचं विषारी सांडपाणी खाडीत जाई. तिथून विष मासळीत आणि शिंपल्यांत गेलं. आधी मासळी खाणारी मांजरं गरगर फिरून मरू लागली. मग कोळ्यांच्या घरांतली माणसं आजारी पडली. हातपाय थरथरत, जीभ अडखळे, डोळ्यांना दिसेनासं होई. आईच्या पोटातलं बाळसुद्धा सुटलं नाही. कारखान्याच्याच इस्पितळाचे डॉ. हाजिमे होसोकावा यांनी दि. १ मे १९५६ रोजी सरकारी आरोग्य खात्याला या आजाराची खबर दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला आपण धम्मदीक्षा घेतली.

लोकांना वाटलं, रोग संसर्गाचा आहे. शेजारी तोंड फिरवू लागले, दुकानदार रोग्यांच्या हातचे पैसे घ्यायला कचरू लागले. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

१९५९ साली कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी पाऱ्याकडे बोट दाखवलं. कंपनीने ते नाकारलं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉ. होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी खाऊ घातलेल्या मांजराला तोच आजार झाला. प्रयोगाच्या नोंदीत त्या मांजराचा क्रमांक होता ४००. कंपनीने ही गोष्ट दडवली. मग दि. ३० डिसेंबर १९५९ रोजी गरीब रोग्यांशी ‘सहानुभूतीचा करार’ केला. त्यात मृतामागे ३ लाख येन होते. आणि पुढे सांडपाणीच कारण ठरलं तरी जादा भरपाई मागायची नाही, अशी अटही होती. विष आणखी नऊ वर्षं, १९६८ पर्यंत वाहत राहिलं.

तथागतांनी कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत सांगितलं. त्या मांजराच्या आधी कंपनीला फार तर बेफिकीर म्हणता आलं असतं. त्यानंतर जे केलं ते जाणूनबुजून केलं. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असं भगवंतांनी सांगितलं, त्यांत विषाचा व्यापार आहे. कंपनी म्हणेल, आम्ही विष कुठे विकलं? खरंच आहे. विष ती फुकट वाटत होती.

इथे कुणी विचारेल, कंपनी म्हणजे कोण? तिला ना मन, ना देह. मग चेतना कुणाची? धम्मात हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे पापाची लाज आणि पापाचं भय, यांना जगाचे रक्षक म्हटलं आहे. कंपनीला लाज नसते. ती कंपनीतल्या माणसांना असावी लागते. ऑगस्ट १९६८ मध्ये तिथल्या एका कामगार संघटनेने, रोग्यांसाठी आपण आजवर काहीच केलं नाही याची आपल्याला लाज वाटते, असा ठराव केला. होसोकावांनी १९७० साली मृत्युशय्येवरून त्या मांजराबद्दल साक्ष दिली. उशिरा का होईना, ही हिरी होती.

आणि ओत्तप्प? ते बाहेरून आणावं लागतं. संघटनेने आणि कायद्याने. दि. २८ नोव्हेंबर १९७० रोजी रोगी आणि त्यांचे नातेवाईक एकेक शेअर विकत घेऊन ओसाकाला कंपनीच्या भागधारकांच्या सभेत शिरले. अंगावर बौद्ध यात्रेकरूंचे पांढरे कपडे होते, तोंडी यात्रेची धम्मगीतं होती. मेलेल्यांच्या स्मृतिपाट्या त्यांनी अध्यक्षांच्या समोर धरल्या.

१९७३ च्या निकालात न्यायालयाने तो ‘सहानुभूतीचा करार’ नीतीविरुद्ध म्हणून रद्द केला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे माजी अध्यक्ष आणि कारखान्याचे माजी प्रमुख यांची शिक्षा कायम केली. २००४ साली खुद्द सरकारलाही जबाबदार धरलं. तरी लढा संपला नाही. २०२३ सालीसुद्धा ओसाकाच्या न्यायालयाने आणखी १२८ जणांचा दावा मान्य केला.

आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ‘पूर्वजन्मीचं पाप, दुसरं काय!’ बाबासाहेबांनी हा विचार ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात साफ नाकारला. दुःखाला कारण असतं, आणि मिनामातात ते कारण एका पाइपातून वाहत होतं. दुसरी म्हणजे, ‘बौद्धांनी मैत्री ठेवावी, भांडू नये.’ मैत्री जरूर ठेवावी, पण हिशेब सोडून नव्हे. विष भरलेली ती खाडी बुजवून ५८ हेक्टर जमीन तयार केली, ते काम १९९० साली पुरं झालं. त्याच जमिनीवर पुढे रोग्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःच्या हातांनी दगडी बुद्धमूर्ती कोरून ठेवल्या. त्यांनी न्यायालयही सोडलं नाही आणि करुणाही सोडली नाही.

१९८४ चं भोपाळ आपल्याच देशातलं. महाडजवळ सावित्रीच्या काठी आज रासायनिक कारखाने आहेत. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण लढून मिळवला. ते पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे विचारण्याचा हक्कही त्याच लढ्याचा भाग आहे, असं आम्ही मानतो. म्हणून बंधू-भगिनींनो, आपल्या भागात कारखान्यासाठी जनसुनावणी लागली, तर वंदना आटोपून सगळ्यांनी मिळून तिथे जा. नाल्याचं पाणी कुठे जातं, ते विचारा. उत्तर लेखी मागा.

नमो बुद्धाय! जयभीम!