शूलपाणीच्या झाडीतून पडद्यापर्यंत

सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव म्हणून मणिबेली मराठी वाचकाला माहीत झाली. पण हा नर्मदाकाठ त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या पुस्तकांत आहे, तो शूलपाणीची झाडी या नावानं. परिक्रमा करणाऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत ही झाडी म्हणजे सर्वांत अवघड टप्पा. तिथं भिल्ल वाट अडवतात, परिक्रमावासीचं होतं नव्हतं ते काढून घेतात आणि तो त्यांना ‘मामा’ म्हणतो. अक्कलकुवा तालुक्यात शिक्षकी करताना मी ही पुस्तकं आवडीनं वाचली, पण एक गोष्ट दर वेळी खटकली. या मामाला घर नसतं, शेत नसतं, गाणं तर नसतंच.

गो. नी. दांडेकर स्वतः परिक्रमेच्या वाटेनं चाललेले. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्याच वाटेवरची. मात्र आदिवासी माणूस कादंबरीचा नायक झाला तो त्यांच्या ‘जैत रे जैत’मध्ये, नर्मदेपासून फार दूर, कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरवाडीत. १९७७ साली जब्बार पटेलांनी तिचा चित्रपट केला. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांच्या भूमिका, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. त्या चित्रपटाचं मोठेपण मला एका निर्णयात दिसतं. दांडेकरांनी जे गद्यात सांगितलं होतं, त्यातलं बरंचसं पडद्यावर ढोलाच्या ठेक्यावर आणि गाण्यातून सांगितलं गेलं. ठाकरांचा इतिहास त्यांच्या गळ्यात असतो, हे दिग्दर्शकानं ओळखलं होतं.

मराठी सिनेमा पुस्तकांच्या आधारानं वाढला आहे. ‘श्यामची आई’मुळे कोकणातलं घर पडद्यावर आलं, ‘सिंहासन’मुळे मंत्रालय, ‘बनगरवाडी’मुळे माणदेश. वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेतला ‘चिंटू’सुद्धा २०१२ साली चित्रपटात आला. मणिबेलीच्या काठाला कागदावर आणलं तेही एका चित्रकथेनं.

मणिबेली बुडत होती तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, आम्ही धुळ्यात होतो. १९९१ च्या पावसाळ्यापासून मणिबेलीत सत्याग्रह सुरू झाला. पाणी चढलं तरी घर सोडायचं नाही, असा निर्धार होता. १९९३ च्या मार्चअखेरीस धरणासाठीचं जागतिक बँकेचं कर्ज थांबलं. पुढच्या वर्षी मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा, अशी मागणी ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी बँकेकडे केली आणि आपल्या जाहीरनाम्याला मणिबेलीचं नाव दिलं. काठावरचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्यात गेलं.

त्याच १९९४ साली ओरिजित सेन यांची ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ कल्पवृक्ष या संस्थेनं प्रसिद्ध केली. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. धरणाचं नाव तिथं रेवासागर. एक तरुण पत्रकार खोऱ्यात येतो, ही एक गोष्ट. तिला समांतर चालते मलगू गायणाची गोष्ट. कुजुम चांतू सृष्टी घडवते, मलगू रंगाई हे वाद्य वाजवतो आणि त्या सुरांतून रेवा जन्मते. नदीचं मूळ संगीतात सांगणारे हे लोक परिक्रमेच्या पुस्तकांतल्या मामांचेच भाईबंद. इथं मात्र ते आपली उत्पत्ती स्वतः सांगतात.

मी ती पानं वर्गात दाखवली होती. सगळी पोरं चित्रांवर वाकली. एक मुलगी मात्र मान हलवत म्हणाली, “गुरुजी, आमची आजी असं नाही सांगत.” मग तिनं आजीची नदी भिलोरीत सांगितली. तिच्यातली वळणं निराळी होती, आणि ती सांगताना एकदाही अडखळली नाही.

पडद्यावर हे खोरं आलं ते माहितीपटांतून. अली काझिमींचा ‘नर्मदा : ए व्हॅली रायझेस’ १९९४ चा, आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘ए नर्मदा डायरी’ १९९५ चा. अरुंधती रॉय यांनी १९९९ साली नर्मदेवर दीर्घ निबंध लिहिला. तो निबंध आणि पुढे रॉय यांच्यावर झालेला न्यायालयाच्या अवमानाचा खटला यांवर आराधना सेठ यांनी २००२ मध्ये ‘डॅम/एज’ केला. या कॅमेऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. बुडालेल्या गावांचे चेहरे त्यांच्यामुळे राहिले.

आता मला मलगू गायणाचा चित्रपट हवा आहे. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ त्याचा पाया होऊ शकते, पण नुसतं पुस्तक समोर ठेवून तो करता येणार नाही. मूळ संहिता अजून माणसांच्या तोंडी आहे. तळोद्यातल्या सोमावलसारख्या पुनर्वसन वसाहतींत काठावरून उठून आलेली म्हातारी माणसं आहेत. ती आहेत तोवर पटकथाकारानं त्यांच्यापाशी बसावं, इंदलाच्या पूजेला रात्र जागवावी, एकाच कथेची चार वेगळी वळणं ऐकावीत आणि त्यातलं कुठलं घ्यायचं ते गाणाऱ्यांना ठरवू द्यावं. संवाद भिलोरीत आणि पावरीत असावेत, मराठी अक्षरं पडद्याच्या तळाशी. भूमिका इथल्या पोरांनी कराव्यात. आणि श्रेयनामावलीत ‘मूळ कथा’ या शब्दांपुढे चित्रकथाकाराच्या शेजारी त्या गाणाऱ्यांची नावं यावीत.