हवा जास्त झाली, हे कळतं कसं?

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस देहूरोडला येऊन इंजिनावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आपला आजचा प्रश्न ज्ञानाचाच आहे. बंद सिलिंडरच्या आत काय चाललंय, ते डोळ्यांना दिसत नाही. मग ते कळतं कसं?

एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल त्याहून कमी पडलं की मिश्रण 'लीन' झालं म्हणतात. गाडी अडखळते, तापते, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो.

इथून जवळच, आकुर्डीत, १९७२ साली बजाजची चेतक आली. टू-स्ट्रोक इंजिन. त्यात वंगणाचं तेल पेट्रोलमधूनच जायचं. त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि शेवटी पिस्टन जाम! मेकॅनिक काय करायचा? प्लग काढून बघायचा. पांढराफटक असेल तर हवा जास्त, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, हा न्यायदर्शनातला अनुमानाचा नमुना आपण कॉलेजात शिकवतो. तो या भागातल्या गॅरेजांत रोज वापरला जात होता, फक्त 'हेतू' आणि 'साध्य' हे शब्द तिथे नव्हते.

पुढे यंत्रच अनुमान करू लागलं. १९७६ मध्ये बॉश कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर व्हॉल्वोच्या मोटारींत बसला. धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो सांगतो, आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० ही इंजेक्शनवाली मोटारसायकल आणली. गंमत अशी, की २००९ मध्ये तीच गाडी पुन्हा कार्ब्युरेटर घेऊन आली. इतिहास सरळ रेषेत चालत नाही, तो असा. मात्र १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला.

आता मुद्दा नीट ऐका. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. समजा प्लग खराब आहे आणि ठिणगीच पडत नाही. पेट्रोल न जळता बाहेर जातं, आणि त्याच्यासोबत न वापरलेला ऑक्सिजनही जातो. सेन्सर म्हणतो, 'लीन'. कॉम्प्युटर बिचारा आणखी पेट्रोल ओततो! ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग वितळू शकतो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपाला चीर असेल, तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तोच घोटाळा होतो. ऑक्सिजन आहे, पण मिश्रण लीन नाही. हेतू आहे, साध्य नाही. नैयायिक याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात.

मग उपाय? अन्वय-व्यतिरेक, दुसरं काय! गाडी नुसती उभ्याने चालू असताना लीन दाखवते आणि रेस वाढवल्यावर सावरते, तर बहुधा इनटेकचं रबर फाटलंय, गाडी एअर घेतेय. उलट, चढावर किंवा ओझं असताना लीन होते, तर पंप, फिल्टर, इंजेक्टर तपासा, प्रेशर मोजा. आणि कॉम्प्युटरमधला पेट्रोलचा नकाशा बदलण्याआधी प्लग काढून बघाच.

हे मी का सांगतोय? स्कॅनर लावायचा, आलेला कोड वाचायचा, सेन्सर बदलायचा आणि बिल द्यायचं, असं काम आता वाढलंय. बिचारा सेन्सर खरंच बोलत होता, त्याच्या बोलण्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. पैसे जातात गिऱ्हाइकाचे. आणि ज्या जुन्या मिस्त्रीला प्लगचा रंग वाचता येतो, त्याला स्कॅनर नाही म्हणून कालबाह्य ठरवलं जातं. खरं तर अनुमान तपासून घ्यायची सवय त्याच्याकडेच आहे. आयटीआयच्या पोराने स्कॅनर शिकावा, पण चार दिवस अशा मिस्त्रीच्या हाताखालीही काढावेत. प्रमाण एकच असलं की फसगत होते, दुसरं हाताशी ठेवावं.