अपू चित्रत्रयी : जळालेल्या निगेटिव्हचे रिस्टोरेशन

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) या बंगाली कृष्णधवल चित्रपटांचे २०१५ साली पूर्ण झालेले पुनरुज्जीवन. क्रायटेरियन कलेक्शन आणि अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीचा चित्रपट-संग्रह यांनी ते मिळून केले.

राय यांना १९९२ साली मानद ऑस्कर मिळाले आणि त्यांच्या चित्रपटांच्या जतनाचा प्रश्न ऐरणीवर आला. मूळ निगेटिव्ह त्यासाठी लंडनच्या हेंडरसन लॅबमध्ये पोहोचल्या. तिथेच जुलै १९९३ मध्ये आग लागली. करपलेली, वितळून चिकटलेली रिळे कोणत्याही यंत्रात चालणे शक्य नव्हते, तरी अकादमीने ती टाकून दिली नाहीत. पुढच्या सगळ्या कामाचे श्रेय आधी या निर्णयाला द्यायला हवे.

मूळ निगेटिव्हचा एवढा आग्रह कशासाठी? निगेटिव्हवरून मास्टर, मास्टरवरून ड्यूप निगेटिव्ह आणि तिच्यावरून प्रिंट निघते. दर पायरीला बारकावे पुसट होतात. सुब्रत मित्र यांच्या छायाचित्रणातला मऊ उजेड अशा प्रतींत पांढरट पडतो, सावल्या नुसत्या काळ्या होतात.

जळालेली रिळे इटलीतील बोलोन्याच्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत गेली. ठिसूळ फिल्मला रसायनांच्या साहाय्याने पुन्हा ओलावा आणि लवचीकपणा देण्यात आला. जुनी चिकटपट्टी, डिंक आणि मेण खरवडून काढले, कडेची तुटकी छिद्रे हातांनी सांधली. या हातकामालाच सुमारे हजार तास लागले. मग दात्यांवाचून चालणाऱ्या वेट-गेट स्कॅनरवर फोर-के स्कॅनिंग झाले. या यंत्रात फिल्म द्रवातून जाते. तो ओरखड्यांत भरतो, त्यामुळे प्रकाश विखुरत नाही आणि पुष्कळसे चरे दिसेनासे होतात. उरलेले डाग संगणकावर फ्रेमगणिक काढले गेले.

येथे संयम लागतो. फिल्मचे कण हा छायाचित्राचाच पोत आहे. ते पुसले की चेहरे मेणाचे दिसू लागतात. चित्रत्रयीत ते राखले आहेत, आणि तेच योग्य.

‘पथेर पांचाली’ची सुमारे ४० टक्के, तर ‘अपराजितो’ची ६० टक्क्यांहून अधिक मूळ निगेटिव्ह वापरता आली. ‘अपूर संसार’ची उरलेली रिळे मात्र कामापलीकडे गेली होती, तो चित्रपट इतरत्र जपलेल्या मास्टर आणि ड्यूप निगेटिव्हवरून उभा करावा लागला.