जुन्या गोव्यातील बॉम जीझस : जांभ्या दगडात उभी चार शतके

जुने गोवे येथील बॉम जीझस चर्च म्हटले की, तांबड्या जांभ्या दगडाची भव्य इमारत डोळ्यांसमोर उभी राहते. मात्र हे तिचे मूळ रूप नव्हे. या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, तो काढून टाकण्यात आला.

जेझुइट धर्मगुरूंनी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी या चर्चची पायाभरणी केली. १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या हस्ते अभिषेकविधी झाला. ‘बॉम जीझस’चा शब्दशः अर्थ ‘चांगला येशू’. हे चर्च बाल येशूला समर्पित आहे. दर्शनी भागातील कोरीव कामासाठी वसईहून काळा बसाल्ट आणण्यात आला. शिखरभागी जेझुइटांची ‘आयएचएस’ ही अक्षरमुद्रा आहे. आत बाल येशूच्या मूर्तीमागे सोनेरी मुलाम्याची भव्य वेदी असून, त्यावर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा पुतळा आहे.

चर्चची खरी ख्याती आहे ती सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांमुळे. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर त्यांचे निधन झाले. मलाक्कामार्गे त्यांचे शव १५५४ साली गोव्यात पोहोचले आणि १६२४ मध्ये या चर्चमध्ये आणण्यात आले. गोमंतकीय कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडविलेल्या चांदीच्या पेटीत ते ठेवले आहे. पेटीखालील संगमरवरी समाधी ही टस्कनीचे ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरे यांची भेट. फ्लॉरेन्सचे शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोग्गिनी यांची ही कलाकृती १६९८ मध्ये येथे बसविण्यात आली. तिच्यावरील ब्राँझच्या पट्ट्यांत संताच्या जीवनातील प्रसंग कोरले आहेत.

‘गोंयचो सायब’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संताचे फेस्त दरवर्षी ३ डिसेंबरला भरते. दर दहा वर्षांनी होणारा शवप्रदर्शन सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात पार पडला. त्यावेळी अवशेष समोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवण्यात आले होते.

१९८६ साली जुन्या गोव्यातील चर्चसमूहाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते या वास्तूची देखभाल करते. तथापि, जांभा सच्छिद्र दगड असल्याने पाणी शोषून घेतो आणि कोकणपट्टीच्या मुसळधार पावसात झिजतो. या झिजेबाबत २०२० मध्ये चर्चच्या धर्मगुरूंनी जाहीर चिंता व्यक्त केली. गिलावा पुन्हा दिल्यास दगडाला संरक्षण मिळेल. पण पर्यटकांच्या परिचयाचे तांबडे रूप झाकले जाईल. उघड्या भिंतींवर मात्र दर पावसाळ्याचा मारा सुरूच राहतो.