साताऱ्याचा जाहीरनामा : लढाईतले वचन

वेल्ह्याहून केळदकडे जाताना पासली लागते. तोरण्याच्या आसमंतातला हा मुलूख १९४८ पर्यंत भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होता. पुणे शहर मात्र पेशवाईनंतर थेट कंपनी सरकारकडे गेले. या वाटणीचे मूळ साताऱ्याच्या एका जाहीरनाम्यात सापडते.

१० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. दुसऱ्याच दिवशी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला हा गृहस्थ तेव्हा पेशव्यांच्या मुलखाचा कमिशनर होता. बाजीराव अजून फौजेनिशी फिरत होता, बापू गोखले हयात होते आणि छत्रपती प्रतापसिंह पेशव्याच्याच छावणीत होते. तरीही जाहीरनाम्याने कारभाराची घडी सांगून टाकली : छत्रपतींना स्वतंत्र राज्य मिळेल, बाकीचा मुलूख कंपनीकडे राहील, वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने चालू राहतील, मक्त्याने वसूल करण्याची पद्धत बंद होईल.

या अभयाला एक अटही होती. बाजीरावाच्या चाकरीतल्यांनी दोन महिन्यांत घरी परतावे, नाहीतर जमिनी जप्त होतील. म्हणजे मुलकी राज्याचे हे वचन लढाईचेच एक हत्यार होते. तोफेने किल्ला पडतो. शिलेदाराचा पाय मात्र वतनाच्या काळजीने घराकडे वळतो, हे एल्फिन्स्टनने नेमके ओळखले होते.

२० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती इंग्रजांकडे आले. जूनमध्ये बाजीराव शरण गेला. १८१९ च्या तहाने साताऱ्याचे राज्य ठरले, तरी कारभार ग्रँट डफच्या हातात राहिला. प्रतापसिंहांना तो मिळाला १८२२ मध्ये. पंतसचिव हे छत्रपतींच्या अष्टप्रधानांपैकी. १८२० च्या कराराने त्यांची जहागीर साताऱ्याखाली कायम झाली.

वचन पाळले गेले, पण गरज होती तोवरच. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडले. १८४८ मध्ये त्यांचे बंधू शहाजी निपुत्रिक वारले. त्यांनी घेतलेले दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले आणि ज्या इनामांना अभय दिले होते, त्यांच्याच सनदा तपासायला मागितल्या.

साताऱ्याची गादी गेली, तिच्या आधारावर उभी असलेली सचिवांची जहागीर मात्र राहिली. ज्याच्या नावाने वचन दिले होते तोच धनी त्यातून वगळला गेला. जाहीरनाम्याचा खरा अर्थ त्यातल्या शब्दांपेक्षा या हिशेबात अधिक स्पष्ट दिसतो.